दोन किलोचे यंत्र, सत्तर किलोचा ताण : कामगारांचे खांदे कसे जपावेत?

प्रथम एक साधा प्रश्न. कारखान्यात एक धडधाकट तरुण दोन किलो वजनाचे ड्रिल मशीन हातात धरून भोके पाडतो आहे. हे काम जड म्हणावे की हलके? तुम्ही म्हणाल, "दोन किलो म्हणजे काहीच नाही. आमचे दप्तरसुद्धा याहून जड असते!" तुमचे म्हणणे वरवर खरे आहे. मग असे का होते, की वर्षानुवर्षे असेच 'हलके' काम केलेल्या कामगाराला सदऱ्याच्या बाहीत हात घालताना खांद्यातून कळ येते, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही आणि घरातल्या वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही?

या प्रश्नाचे निम्मे उत्तर शरीरशास्त्रात आहे आणि निम्मे तुमच्या भौतिकीच्या पुस्तकात, तरफेच्या धड्यात आहे. परीक्षेपुरता पाठ करून आपण तो धडा विसरतो. पण कामगारांचे खांदे वाचवायचे तर त्याच धड्यापासून सुरुवात करावी लागते. कशी, ते पाहू.

खांद्याची रचना

उजवा हात सरळ खाली सोडा. आता तो समोरून वर न्या, बाजूने वर न्या, मागे न्या, गोल फिरवा. शरीरातल्या दुसऱ्या कोणत्याही सांध्याला इतक्या दिशांनी इतके फिरता येत नाही. हे स्वातंत्र्य आपल्याला फुकट मिळालेले नाही. त्याची किंमत स्थैर्याच्या रूपाने मोजावी लागते.

मांडीचे हाड कमरेला जिथे जोडलेले असते, तिथे हाडाचा गोल माथा एका खोल वाटीत बसलेला असतो. तो सहसा निसटत नाही. खांद्याचीही रचना तशीच आहे, पण एक मोठा फरक आहे. दंडाच्या हाडाचा गोल माथा ज्या खळग्यात टेकतो, तो खळगा वाटीसारखा खोल नसून बशीसारखा उथळ आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनातली लिंबू-चमच्याची शर्यत आठवा. लिंबू चमच्यात राहते खरे, पण ते सांभाळावे लागते. खांद्यातले 'लिंबू' सांभाळण्याचे काम चार लहान स्नायू करतात. तंबूचा खांब चारी बाजूंच्या दोरांनी ताणून उभा ठेवतात, त्याप्रमाणे हे चार स्नायू दंडाच्या हाडाचा माथा खळग्याशी घट्ट ओढून धरतात. स्नायू हाडाला ज्या चिवट दोरीने जोडलेला असतो तिला कंडरा म्हणतात. या चार स्नायूंच्या कंडरा माथ्याभोवती सदऱ्याच्या कफासारख्या गुंडाळलेल्या असतात. बाहेरून दिसणारा, खांद्याला गोलाई देणारा मोठा स्नायू मात्र वेगळा आहे. त्याला डेल्टॉइड म्हणतात आणि हात उचलण्याचा मुख्य जोर तो लावतो.

आता डाव्या हाताचे बोट उजव्या खांद्याच्या टोकावर, अगदी वर ठेवा. तिथे एक कठीण हाड लागते. हे खांद्याच्या फऱ्याचे पुढे आलेले टोक. सांध्यावर ते छपरासारखे असते. छप्पर आणि दंडाच्या हाडाचा माथा यांच्यामध्ये थोडीशीच जागा आहे आणि त्या अरुंद जागेतून चार स्नायूंपैकी सर्वांत वरच्या स्नायूची कंडरा जाते. या स्नायूचे नाव सुप्रास्पायनेटस. नाव लांबलचक असले तरी लक्षात ठेवा, कारण आपल्या कथेत तो पुन्हा येणार आहे.

हात म्हणजे तरफ

तरफेचे तीन प्रकार तुम्हांला माहीत आहेत. पहिल्या प्रकारात टेकू मध्ये असतो, उदाहरणार्थ कात्री. दुसऱ्यात भार मध्ये असतो, जसा अडकित्ता. तिसऱ्यात बल मध्ये असते, जसा चिमटा. बाजूला उचललेला हात ही तिसऱ्या प्रकारची तरफ आहे. खांद्याचा सांधा हा टेकू, हाताचे वजन आणि हातातली वस्तू हा भार, आणि टेकूच्या अगदी जवळ बल लावणारा डेल्टॉइड.

तरफेचा नियम असा : बल गुणिले बलभुजा बरोबर भार गुणिले भारभुजा. या गुणाकाराला परिबल म्हणतात. भुजा मोजताना टेकूपासून बलाच्या रेषेपर्यंतचे लंबांतर घ्यायचे, हे विसरू नका.

आता प्रत्यक्ष आकडे घालू. माणसाच्या एका हाताचे वजन त्याच्या एकूण वजनाच्या सुमारे ५ टक्के असते. आपला कामगार ६० किलोंचा आहे असे धरले, तर त्याचा एक हात सुमारे ३ किलोंचा झाला. हात आडवा ताणून धरला तर त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून सुमारे ३० सें.मी. अंतरावर येतो. म्हणजे नुसत्या हाताच्या वजनाचे परिबल

३ × ३० = ९० किलो-सें.मी.

डेल्टॉइडची कंडरा दंडाच्या हाडाला थोडी खाली जोडलेली असते, पण तिची ओढ हाडाशी फार लहान कोन करते. त्यामुळे तिचे लंबांतर, म्हणजेच बलभुजा, ३ सें.मी.च्या आसपासच भरते. म्हणून स्नायूंना लावावे लागणारे बल ९० ÷ ३ = ३० किलो-भार. हातात काहीही नसताना, केवळ हात आडवा धरण्यासाठी इतके बल लागते!

आता खांद्यापासून ६० सें.मी. अंतरावर, मुठीत, ते दोन किलोंचे ड्रिल मशीन द्या. त्याचे परिबल २ × ६० = १२० किलो-सें.मी. पहिले ९० मिळवले की एकूण २१० झाले. त्याला ३ ने भागा. उत्तर ७० किलो-भार, म्हणजे सुमारे ७०० न्यूटन.

हा आकडा नीट पाहा. कामगाराचे स्वतःचे वजन ६० किलो आहे आणि त्याच्या खांद्याचे स्नायू ७० किलो-भार इतके बल लावीत आहेत. शिवाय हे बल ज्या प्रमाणात लावले जाते, जवळपास त्याच प्रमाणात हाडाचा माथा त्या उथळ बशीवर दाबला जातो. येथे आपण सर्व स्नायूंचे मिळून एकच बल धरले आहे. प्रत्यक्षात ते वाटले जाते आणि माणसागणिक आकडे थोडे बदलतात. पण हिशेबाचा रोख बदलत नाही.

स्नायूंना उचललेल्या वजनापेक्षा कितीतरी अधिक बल लावावे लागते, ही गोष्ट आज सुचलेली नाही. इटालियन शास्त्रज्ञ जोव्हान्नी बोरेल्ली याने प्राण्यांच्या हालचालींवर लिहिलेला ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८०-८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याने हाडांना तरफा मानून स्नायूंच्या बलांचा हिशेब मांडला होता. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १७०० मध्ये, इटलीतलाच वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिले आणि सहकारी वैद्यांना सांगितले, की रोग्याला इतर प्रश्नांबरोबर 'तू काम काय करतोस?' हेही विचारा. कामगारांचे आरोग्य जपणारे शास्त्र या दोन विचारांच्या जोडीवर उभे आहे.

हात किती उचलला?

वरचा हिशेब हात अगदी आडवा असतानाचा आहे. हात कमी उचलला तर? सरळ हाताचे परिबल हाताने उभ्या रेषेशी केलेल्या कोनाच्या साइनच्या प्रमाणात बदलते. हात खाली लोंबत असेल तर कोन शून्य, साइनही शून्य, परिबलही शून्य. ३० अंशांवर साइन ०.५० आहे, म्हणजे आपल्या उदाहरणात परिबल १०५. ६० अंशांवर साइन ०.८७, परिबल सुमारे १८२. आणि ९० अंशांवर २१०.

यात एक गंमत आहे. कोन ६० वरून ९० पर्यंत, म्हणजे दीडपट झाला, तरी परिबल थोडेसेच वाढले. उलटे वाचले तर असे, की हात ६० अंशांपर्यंत उचलला गेला की खांद्यावर जवळपास सगळा ताण आलेलाच असतो. अमेरिकेतील व्यवसाय-सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९७ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. हात ६० अंशांहून अधिक उचलून पुन्हा पुन्हा किंवा बराच वेळ केलेले काम आणि खांद्याचे विकार यांचा संबंध असल्याचा पुरावा तिला त्यात आढळला.

चाणाक्ष विद्यार्थ्याच्या मनात आता एक शंका येईल. "सर, १५० अंशांची साइनसुद्धा ०.५० च आहे. मग हात डोक्याच्या वर नेला की ताण कमी व्हायला हवा. तर मग छताला वेल्डिंग करणाऱ्याचा खांदा का दुखावा?"

शंका अगदी रास्त आहे. परिबल कमी होते हे खरेच. पण येथे दुसरी दोन कारणे पुढे येतात. पहिले कारण, ते हाडाचे छप्पर. हात वर जाऊ लागला की दंडाच्या हाडाचा माथा आणि छप्पर यांमधली जागा अरुंद होते आणि सुप्रास्पायनेटसची कंडरा त्यात दाबली जाऊ शकते. एकदोन वेळा असे झाल्याने बिघडत नाही. पण हजारो वेळा तेच घडले, तर कंडरा सुजते. सुजलेली कंडरा अधिक जागा मागते. ती मिळत नाही म्हणून ती आणखी दाबली जाते. पुढे तिचे तंतू झिजून तुटूही शकतात.

दुसरे कारण रक्ताचे आहे. तुम्ही द्रवस्तंभाचा दाब शिकला आहात. रक्त पाण्याहून किंचित जड आहे. हृदयापासून वर जावे तसा रक्ताचा दाब दर सेंटिमीटरला पाऱ्याच्या सुमारे पाऊण मिलिमीटरने कमी होतो. हृदयाच्या पातळीवर धमन्यांतील सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारे ९३ मि.मी. असतो. पंजा हृदयाच्या वर ४० सें.मी. नेला, तर तिथला दाब सुमारे ३० मि.मी.ने, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांशाने घटतो. जिथे रक्त कमी, तिथे प्राणवायू कमी. म्हणून वर धरलेल्या हाताचे व मनगटाचे स्नायू लवकर थकतात.

न हलता केलेले काम

आणखी एक कोडे आहे. लाकूड फोडणारा माणूस तासभर कुऱ्हाड चालवू शकतो. पण तीच कुऱ्हाड हात लांब करून स्थिर धरायला सांगा. एकदोन मिनिटांत त्याचा हात थरथरू लागेल. भौतिकीच्या व्याख्येप्रमाणे त्याने काहीच कार्य केलेले नाही, कारण विस्थापन शून्य आहे! मग थकवा कसला?

स्नायू आकसतो तेव्हा त्याच्या आतला दाब वाढतो आणि आतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दाबल्या जातात. स्नायू आलटून पालटून आकसला व सैल झाला, तर प्रत्येक वेळी ताजे रक्त आत येते. ओला स्पंज दाबून सोडावा तसेच हे. पण स्पंज दाबूनच ठेवला तर त्यात पाणी शिरणार कसे? स्थिर ताणात नेमके हेच होते. सुप्रास्पायनेटसची स्थिती तर आणखी अवघड आहे. तो हाडाच्या खाचेत, घट्ट आवरणाखाली बसलेला असल्यामुळे त्याच्या आतला दाब झटकन वाढतो.

वाल्टर रोमर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १९६० मध्ये दाखवले, की स्नायूच्या पूर्ण ताकदीच्या निम्मे बल स्थिर धरून ठेवायचे तर माणूस जेमतेम एक मिनिट टिकतो. बल जितके कमी, तितका टिकण्याचा काळ वाढत जातो. ताकदीच्या १५ टक्क्यांहून कमी बल वाटेल तितका वेळ धरता येईल, असे तेव्हा समजत असत. पुढच्या अभ्यासांत तेही खरे ठरले नाही. अगदी हलका ताणसुद्धा विश्रांतीवाचून तासन्‌तास चालू राहिला, तर थकवा आणतोच.

म्हणून खांद्याच्या इजेचे गणित तीन राशींचे आहे : परिबल किती, हाताचा कोन किती, आणि विश्रांतीवाचून वेळ किती.

गोथेनबर्गचे वेल्डर

हे सारे कागदावरचे गणित नाही. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग येथे जहाजबांधणीचे मोठे कारखाने होते. जहाजाच्या पोटात वेल्डरला पुष्कळदा डोक्याच्या वर हात करून सांधे जोडावे लागत. तेथील संशोधक हर्बर्ट्‌स आणि काडेफोर्स यांनी सहकाऱ्यांसह १९७० नंतरच्या दशकात या वेल्डरांचा अभ्यास केला. स्नायू आकसताना त्यात अतिसूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. तो मोजून कोणता स्नायू किती थकला हे ठरवता येते. डोक्यावरच्या वेल्डिंगमध्ये सुप्रास्पायनेटसवर मोठा ताण येतो, असे त्यांना दिसले. अनुभवी वेल्डरच्याही त्या स्नायूची सुटका नव्हती.

हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. 'नवशिक्या आहे, म्हणून दुखते. सवय झाली की दुखणार नाही,' असे आपल्याकडेही सर्रास म्हणतात. सवयीने माणूस डोक्यावरचे काम सफाईदार करू लागतो, पण त्याची बलभुजा ३ सें.मी.ची ५ सें.मी. होत नाही आणि हाडाचे छप्परही वर सरकत नाही. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपासलेल्या वेल्डरांपैकी सुमारे १८ टक्के जणांत सुप्रास्पायनेटसच्या कंडरेचा दाह आढळला. कार्यालयात बसून काम करणाऱ्यांच्या मानाने हे प्रमाण पुष्कळच जास्त होते.

कायदा वजन मोजतो

कामगारांनी किती वजन उचलावे यावर बंधने आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये यासाठी एक करार संमत केला आणि त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने उचलून न्यावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली. आपल्या देशातील १९४८ च्या कारखाने अधिनियमातील ३४ व्या कलमात, इजा होण्याचा संभव असेल इतके जड ओझे कोणालाही उचलावयास लावू नये, अशी तरतूद होती.

ही बंधने हवीतच. पण आपल्या हिशेबातून काय दिसले? कायदा वजन मोजतो, खांदा मात्र परिबल मोजतो. दोन किलोंचे मशीन अशा कोणत्याच मर्यादेत सापडत नाही. त्यातून खांद्याची इजा एका क्षणात होत नाही. बोट यंत्रात सापडले तर आरडाओरडा होतो, अपघाताच्या वहीत नोंद होते, चौकशी होते. कंडरा मात्र महिनोन्‌महिने मुकाट झिजत असते. ज्या दिवशी हात उचलेनासा होतो, त्या दिवशी अपघात असा काही झालेलाच नसतो. रोजंदारीवरच्या माणसाला तर दुखणे सांगायचीही भीती वाटते. काम सुटले तर घर कसे चालणार? म्हणून तो सोसतो, आणि जे चार आठवड्यांत बरे झाले असते ते कायमचे जडते. कंडरांना रक्तपुरवठा मुळात कमी असल्यामुळे त्यांची दुरुस्ती सावकाश होते, हेही ध्यानात घ्या.

उपाय कोणते?

उपाय म्हटले की बहुतेकांना प्रथम सुचतो तो व्यायाम. व्यायाम चांगलाच आहे. पण आधी गणित करून पाहू. समजा, कामगाराने सहा महिने मेहनत करून खांद्याची ताकद पाव हिश्श्याने वाढवली. आता त्याऐवजी कामाची जागा अशी बदलू, की त्याचा दंड अंगालगत सरळ खाली राहील आणि कोपर काटकोनात वाकेल. दंडाचे परिबल शून्य झाले. कोपरापुढचा हात व पंजा सुमारे १.३ किलोंचा, त्याचा गुरुत्वमध्य १७ सें.मी. पुढे, म्हणजे परिबल २२. मशीन ३२ सें.मी. अंतरावर, परिबल ६४. एकूण ८६ किलो-सें.मी. पूर्वीचे २१० होते. ताण निम्म्याहूनही खाली आला, आणि तोही एका दिवसात! म्हणून पहिला नियम असा, की आधी काम बदला, मग माणसाला शिकवा. उपायांचा क्रमही याच नियमाप्रमाणे लावू.

१. काम वर असेल तर माणसाला वर न्या. भिंतीच्या वरच्या भागात भोके पाडायची तर हात उंच करण्याऐवजी मजबूत, कठड्याचा घोडा किंवा परांची द्यावी. कोपराच्या उंचीला येणारे काम बहुधा सर्वांत सोयीचे. टेबलाची उंची कमीजास्त करता आली तर बुटक्या आणि उंच दोघांचीही सोय होते.

२. माणसाला वर नेता येत नसेल तर वस्तूच फिरवा. स्वीडनमधल्याच काल्मार येथे १९७४ मध्ये व्होल्वो कंपनीने मोटारींचा कारखाना सुरू केला. मोटारीच्या तळाचे काम करताना कामगाराला एरवी खड्ड्यात उभे राहून हात वर करावे लागतात. काल्मारच्या कारखान्यात मोटारीचा सांगाडा गाडीवर ठेवून ९० अंशांनी आडवा करता येत असे. मोटारीचा तळ भिंतीसारखा समोर आला की हात वर करायचे कारण उरत नाही. हा कारखाना १९९४ मध्ये बंद झाला, पण ही कल्पना आजही उपयोगी आहे. जड भाग फिरवून वेल्डरच्या समोर आणणारे फिरते घोडे याच तत्त्वावर चालतात.

३. वस्तू जवळ आणा. भारभुजा निम्मी केली की वस्तूचे परिबल निम्मे होते. स्क्रू, नट, पाने यांच्या पेट्या हात लांब न करता मिळतील अशा ठेवाव्यात. रुंद टेबलाला कामगाराच्या बाजूने अर्धगोल खाच दिली तरी पुष्कळ फरक पडतो.

४. अवजाराचे वजन टांगून घ्या. स्प्रिंग बॅलन्सर नावाचे साधन वर टांगतात आणि त्याच्या तारेला ड्रिल किंवा पाना अडकवतात. अवजाराचे वजन तार पेलते आणि हाताने त्याला फक्त दिशा द्यायची. आपल्या हिशेबातले ६४ गेले, उरले अवघे २२, म्हणजे मूळ ताणाच्या जवळपास एकदशांश. यातही भौतिकीची एक युक्ती आहे. स्प्रिंग जितकी ताणावी तितकी जोराने ओढते. मग अवजार खाली ओढल्यावर ते पुन्हा वर का पळत नाही? कारण तार ज्या रिळावर गुंडाळलेली असते ते शंकूच्या आकाराचे असते. स्प्रिंगचे परिबल वाढत जाते तशी त्रिज्याही वाढत जाते आणि तारेतला ताण जवळजवळ एकसारखा राहतो. छताला भोके पाडण्यासाठी मशीन जमिनीवर टेकलेल्या उभ्या खांबावर बसवण्याचीही सोय असते. मग मशीनचे वजन जमीन पेलते.

५. स्थिर ताण तोडा. दोन तासांनी एकदाच मोठी सुटी देण्यापेक्षा दर थोड्या मिनिटांनी हात खाली सोडून क्षणभर सैल करणे स्नायूंना अधिक मानवते, कारण दाबलेला स्पंज सुटतो. कामांची अदलाबदल करावी, पण ती खरी असावी. सकाळी छताला रंग आणि दुपारी छताला दिवे, ही खांद्याच्या दृष्टीने अदलाबदल नव्हेच.

६. दुखणे लवकर सांगू द्या. हात बाजूने उचलताना अर्ध्या वाटेवर कळ येणे, त्या कुशीवर झोपल्यावर ठणकणे, ही आरंभीची लक्षणे असू शकतात. अशा वेळी चोळून, गोळी घेऊन तेच काम रेटणे चूक. डॉक्टरांना दाखवावे आणि काही दिवस हात खांद्याच्या खाली राहील असे काम द्यावे. यात कमीपणा वाटावा असे काही नाही.

७. आणि मग व्यायाम. वरचे सारे केल्यावर खांदे, मान व पाठ बळकट ठेवणारा व्यायाम जरूर करावा. तो योजनेला पूरक आहे. तिच्या जागी तो पुरणार नाही.

कामगाराला कामाच्या साच्यात बसवण्याऐवजी काम माणसाला जुळवून घेण्याच्या या शास्त्राला एर्गोनॉमिक्स म्हणतात. पोलंडचा शास्त्रज्ञ यास्त्शेंबोव्स्की याने १८५७ मध्ये ग्रीक भाषेतल्या 'काम' आणि 'नियम' या अर्थाच्या दोन शब्दांवरून हे नाव घडवले.

करून पहा

प्रयोग पहिला : मीटरपट्टीच्या एका टोकाला भोक पाडून ती खिळ्यावर सैल अडकवा. खिळ्यापासून १० सें.मी. अंतरावर ताणकाटा अडकवून पट्टी आडवी धरा. प्रथम काहीही न टांगता वाचन घ्या. पट्टी १०० ग्रॅमची असेल तर काटा सुमारे ५०० ग्रॅम दाखवील. का, ते सांगा. आता ६० सें.मी. खुणेवर १०० ग्रॅमचे वजन टांगा. वाचन किती यावे हे आधी गणिताने काढा, मग काटा पाहा. नंतर वजन ३० सें.मी. खुणेवर आणा आणि फरक लिहून ठेवा. ही पट्टी म्हणजे तुमच्या हाताचीच प्रतिकृती आहे.

प्रयोग दुसरा : एक लिटर पाण्याची बाटली हात आडवा ताणून धरा आणि हात थरथरू लागेपर्यंतचे सेकंद मोजा. पाच मिनिटे विश्रांती घेऊन तीच बाटली कोपर अंगाशी ठेवून धरा. चढाओढ लावू नका. थरथर सुरू झाली की थांबा. ज्यांचा खांदा आधीच दुखत असेल त्यांनी केवळ नोंदी घ्याव्यात.

प्रयोग तिसरा : कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा व त्याला खडा बांधून ओळंबा तयार करा. रंगारी, गॅरेजमधला मेकॅनिक, पंखा बसवणारा वायरमन यांची आधी परवानगी घ्या आणि दहा मिनिटांत किती वेळ त्यांचा दंड ६० अंशांच्या वर असतो हे मोजा. मग त्यांनाच विचारा, 'हे काम खालून करता आले असते का? कसे?' अशी युक्ती पुष्कळदा त्यांना आधीच सुचलेली असते, फक्त कोणी विचारलेले नसते. शिक्षकांनी हा प्रयोग स्वतःपासून सुरू करायला हरकत नाही. फळ्याच्या वरच्या भागात लिहिताना आपला दंड किती अंशांवर असतो, हे विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावे.

तुमच्यापैकी कोणी पुढे इंजिनिअर होईल, कोणी सुपरवायझर, कोणी डॉक्टर, कोणी स्वतः फिटर किंवा वेल्डर. तेव्हा 'काम जड आहे की हलके?' एवढाच प्रश्न विचारून थांबू नका. वजन किती, ते खांद्यापासून किती दूर, हात किती अंशांवर आणि किती वेळ, असे चार प्रश्न विचारा. उत्तरे काढायला तुमच्या शाळेतली पट्टी, कोनमापक आणि घड्याळ पुरेसे आहे.